जर्नलमधले सावरीचे झाड

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसायचे, शिंप्याची टेप असायची. पिवळी, पहिल्या दोन इंचांवरचे आकडे पुसून गेलेली. पेन ते मुलांकडून मागून घेत आणि विसरून घरी नेत. टेप मात्र कुणाला देत नसत. मराठीच्या शिक्षकाला टेप कशाला लागते, असे शाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारले आहे. आमचा शिपाई सांगायचा, ते निबंध मापतात. त्यात फारसे खोटे नव्हते.

आमची शाळा डिचोली तालुक्यातली, मुळगाव ओलांडून पुढे गेल्यावर. मी तिथे विज्ञान शिकवायला लागल्याला आता वीसच्या वर वर्षे झाली. ते माझ्यानंतर आले, दीर्घ रजेवर गेलेल्या मराठीच्या बाईंच्या जागी, लेक्चर बेसिसवर. म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर निघायची, आणि नाही निघाली तर माणूस घरी. पेडण्याकडून, मोपाच्या पठाराखालच्या गावातून ते जुन्या स्कूटरवर येत. शाळेत पोचेपर्यंत निम्मे दमलेले असत. हेल्मेट काढून मेजावर ठेवत, डोळे मिटून दोन मिनिटे बसत आणि मग पहिल्या तासाला जात.

मुले त्यांना 'कशावरून सर' म्हणत. शिक्षकांच्या खोलीत आम्ही नुसतेच 'कशावरून' म्हणायचो. मी त्यांच्या तोंडावर सर म्हणत असे, इथेही सरच म्हणतो. नाव लिहीत नाही, कारण मी विचारले तेव्हा ते म्हणाले की नावाने काही सिद्ध होत नाही.

'कशावरून?' हा त्यांचा शब्द. पण लोकांना वाटते तसा तो वकिली थाटाचा नव्हता. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसलेला माणूस जसा घरात विचारत फिरतो, तसे ते विचारत. आधी एक सुस्कारा, मग शब्द. बस कंडक्टरने पुढे रस्ता बंद असल्याचे सांगितले की, कशावरून? डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितले की, कशावरून? शिपायाने उद्या पाऊस लागणार म्हटले की, कशावरून? शिपाई गुडघा दाखवायचा, आणि सर तो पुरावा गंभीरपणे मान हलवून नोंदवून घ्यायचे. पुढच्या दिवशी पाऊस नाही पडला, तर शिपायाला बोलावून गुडघ्याची चौकशी करायचे.

एकदा आमच्या गावातला एक निवृत्त पोस्टमन वारला. आम्ही शिक्षक मिळून भेटायला गेलो होतो. जो तो म्हणत होता, देवमाणूस होता. कुणीतरी चौथ्यांदा तसे म्हटल्यावर सरांच्या तोंडून निघून गेले, कशावरून? हेडमास्तरांनी माझ्या कोपराला चिमटा काढला, जसे काही मीच बोललो होतो. पण त्या पोस्टमनच्या बायकोने मान वर केली. ती म्हणाली, वाईट बातमीचं पत्र असलं की हे आधी शेजारणीला हाक मारून बसवून घेत, आणि मग वाचून दाखवत. कुणाला एकटीला त्यांनी तसलं पत्र वाचून दाखवलं नाही कधी. एवढे बोलून ती पुन्हा खाली बघू लागली. सर म्हणाले, "बरं." त्या दिवशी तिथे बोललेल्यातले मला एवढेच आठवते. बाकी देवमाणूस विसरून गेलो.

निबंध हे त्यांचे वेड होते, आणि तेही एकाच प्रकारचे. आपले एक म्हणणे मांडायचे आणि ते पुराव्याने पटवायचे. आमच्याकडची मुले गाइडमधून निबंध पाठ करून येत. मोबाइल शाप की वरदान, वृक्षतोड, स्त्रीशिक्षण. शेवटी दोन ओळींची कविता. सरांनी पहिल्याच आठवड्यात दहावीच्या वर्गाला सांगितले की ज्या वाक्याखाली 'हे मी पाहिले', 'हे मी मोजले' किंवा 'हे मला अमक्याने सांगितले' असे लिहिता येणार नाही ते वाक्य निबंधात नको. मुलांचे निबंध एकदम अर्ध्या पानावर आले.

एका मुलाने लिहिले, मोबाइलने डोळे बिघडतात. समासात कशावरून? मुलगा चार दिवस वर्गातले चष्मे आणि मोबाइल मोजत फिरला. त्याचा हिशेब जुळेना. चष्मेवाल्यांत निम्म्यांकडे मोबाइलच नव्हता. तो रडवेला होऊन आला, आता काय करू? सर म्हणाले, "आता एक तर मत बदल, नाही तर अजून मोज." त्याने शेवटी लिहिले, माझे म्हणणे मला सिद्ध करता आले नाही. त्याला दहापैकी नऊ मिळाले. पालकसभेत त्याच्या वडिलांनी विचारले की मग एक कुठे गेला. सर म्हणाले, अक्षर.

खोडरबर आणि पांढऱ्या शाईला बंदी होती. चुकले तर एका रेघेने खोडायचे. काय चुकले ते खालून वाचता आले पाहिजे.

आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे सही. निबंधात स्वतःच्या म्हणण्याच्या आधी विरुद्ध बाजू लिहायची. नुसती लिहायची नाही, ज्याची ती बाजू आहे त्याच्याकडे जाऊन दाखवायची. निबंधाच्या तळाशी एक ओळ असे: 'माझी बाजू यात बरोबर आली आहे.' तिच्याखाली त्या माणसाची सही. त्याला निबंध पटायला हवा असे नाही. आपण काय म्हणतो ते या पोराने नीट ऐकले आहे, एवढेच त्याने कबूल करायचे. सही नसलेला निबंध सर तपासत नसत.

यामुळे गावभर पोरे सह्या मागत हिंडायची. पाव विकणाऱ्या पदेराने सहा वाजता यावे असे लिहिणाऱ्या मुलीच्या निबंधावर पदेराची सही पिठाच्या ठशासकट होती. जत्रेतल्या भोंग्यांवर लिहिणाऱ्याला देवळाच्या एका महाजनाने तीनदा परत पाठवले, माझी बाजू इतकी बावळट नाही म्हणून. मुळगावची दोन मुले होती, एकाच्या बापाचा खाणीवर ट्रक, दुसऱ्याच्या शेतात खाणीची माती वाहून आलेली. दोघे एका बाकावर बसत नसत. सरांनी त्यांना एकमेकांच्या घरी पाठवले. दोघे सह्या घेऊन आले. दोस्ती झाली असे मी म्हणणार नाही, सर विचारतील कशावरून. पण ट्रकवाल्याच्या मुलाच्या वहीत शेताच्या मातीवरच्या थराची जाडी इंचात लिहिलेली होती, आणि ती सरांच्या टेपने मोजलेली होती. टेप त्यांनी त्या एकदाच कुणाला दिली.

आम्ही शिक्षक या सगळ्याला हसायचो. मीही हसायचो. आता माझे सांगायला हवे.

अक्षता दहावीत होती. तिचे वडील चंदगडकडचे, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. बारीक, सावळी, वर्गात कधी हात वर न करणारी. माझ्या विषयात बरी होती. डिसेंबरात एका मधल्या सुट्टीत ती माझ्या मेजापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, सही हवी होती."

मला वाटले दाखल्यावर वगैरे. पेन काढले. तिने निबंध पुढे केला. विषय होता: आमच्या शाळेत विज्ञानाचे प्रयोग प्रत्यक्ष व्हावेत.

प्रयोग होत नव्हते. हे शाळेतल्या प्रत्येकाला माहीत होते. जर्नल पुरे व्हायचे. मी फळ्यावर आकडे लिहून द्यायचो, मुले उतरवून घ्यायची, आणि जी गैरहजर असत ती आदल्या वर्षीच्या मुलांचे जर्नल आणून उतरवायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी प्रयोग खरोखर केले होते. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढायचा एक सोपा प्रयोग असतो. जनेलात, म्हणजे खिडकीत, भिंग धरायचे, बाहेरच्या दूरच्या वस्तूची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची, भिंग आणि कागद यांतले अंतर मोजायचे. आमच्या प्रयोगशाळेच्या जनेलातून शेतापलीकडे एक सावरीचे झाड दिसायचे. फांद्या उघड्या असल्या की त्याची उलटी प्रतिमा कागदावर फार सुंदर पडायची. तीन वाचने मिळाली: २०.२, २०.४, २०.२. पुढे दर वर्षी मी तीच फळ्यावर लिहिली. दूरची वस्तू: कॉटन ट्री.

अक्षताने वाड्यावरच्या मोठ्या मुलींकडून पाच वर्षांची जर्नले गोळा केली होती. पाचही जर्नलांत कॉटन ट्री, पाचही जर्नलांत २०.२, २०.४, २०.२. आणि मग तिने जनेलातून बाहेर पाहिले होते. सावर तिथे नव्हती. एका वादळात ती पडून चार वर्षे झाली होती, तिच्या जागी पंपाची खोली उभी होती. शेताच्या मालकाला विचारून झाड कधी पडले ते तिने नक्की करून घेतले होते. तिच्या निबंधात एकही कठोर शब्द नव्हता. 'हे झाड चार वर्षांपूर्वी पडले. म्हणजे गेल्या चार वर्षांतील जर्नलांत जे झाड आहे ते कोणी पाहिलेले नाही.'

मी दहा वर्षे रोज त्या जनेलापाशी उभा राहून शिकवले होते. झाड पडल्याचे मला माहीत होते. जर्नलमधले झाडही पडायला हवे, हे मात्र माझ्या मनात आले नव्हते.

पण मला मोडले ते पुराव्याने नाही. पहिल्या पानावर तिने माझी बाजू लिहिली होती. ती मला अजून जवळजवळ पाठ आहे. 'सरांकडे पाच वर्गांचे विज्ञान आहे. प्रयोगशाळेत मदतनीस नाही. भिंग एकच आहे, अठ्ठावीस मुलांच्या हातांतून ते फिरेपर्यंत तास संपतो. बोर्डाला जर्नल लागते, प्रयोग लागत नाही. सरांची आई अंथरुणाला आहे. सरांना दीडची बस धरावी लागते. ती चुकली तर साडेतीनपर्यंत त्यांच्या आईला पाणी द्यायला कोणी नसते. सरांच्या जागी मी असते तर मीही झाड तसेच ठेवले असते.'

पुढची ओळ 'तरीही' या शब्दाने सुरू होत होती.

आईबद्दल तिने कुणाला विचारले असेल? बहुधा बसच्या कंडक्टरला, नाहीतर आमच्या शेजारी. माझी बाजू इतक्या नीटपणे मी स्वतःलाही कधी सांगितली नव्हती. दिवसभर नोकरीवर असणाऱ्या माझ्या बायकोनेही, वेगळ्या राहणाऱ्या भावानेही कधी असे म्हटले नव्हते. मला तिचा राग आला. एका पंधरा वर्षांच्या मुलीने मला समजून घेतले होते, आणि मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, ठेवून जा, वाचतो.

आठवडाभर तो निबंध माझ्या खणात होता. ती रोज मधल्या सुट्टीत यायची, दाराशी उभी राहायची, मी मान हलवली की परत जायची. शनिवारी पालकसभा होती. त्या दिवशी सर मुलांचे निबंध व्हरांड्यात दोरीवर टांगत. सही झाली की तिचा निबंधही टांगला जाणार, हे मला दिसत होते. शुक्रवारी मी निबंध उचलला आणि हेडमास्तरांकडे नेऊन दिला. म्हणालो, हे मुलांना आमच्यावर सोडणे आहे.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांना कुठलाच आवाज नको होता. त्यांनी निबंध वाचला, चष्मा काढला आणि विचारले, यात खरे किती? त्यांना माहीत होते किती. मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, मग लिहून द्या.

मी एका कोऱ्या कागदावर लिहिले: 'विज्ञानाचे सर्व प्रयोग नियमितपणे घेतले जातात.' खाली सही केली, तारीख घातली. आठवडाभर एका ओळीखाली सही होत नव्हती, ही दुसऱ्या ओळीखाली एका दमात झाली.

सोमवारी अक्षताच्या वडिलांना बोलावले. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. हेडमास्तर म्हणाले की मुलीने खोटे लिहून शाळेची बदनामी केली आहे, तिने माफी लिहून द्यावी. ते हात जोडून म्हणत राहिले, चुकलं, सायबानू, पोर अजाण हाय. अक्षता त्यांच्या बाजूला उभी राहून रडत होती. मी कपाटाला टेकून उभा होतो.

सर आले. सगळे ऐकून घेतले. सुस्कारा सोडला आणि हेडमास्तरांना विचारले, "खोटं कशावरून?"

हेडमास्तरांनी माझा कागद पुढे सरकवला. सरांनी तो वाचला. मग माझ्याकडे न बघता विचारले, "ही सही तुमची?"

"होय," मी म्हणालो.

एवढेच. मला वाटले होते ते वाद घालतील, जनेल उघडून दाखवतील. त्यांनी कागद घडी न पाडता परत मेजावर ठेवला आणि अक्षताकडे वळले. "त्यांनी नाही म्हटलंय," ते तिला म्हणाले. "खोडून काढलेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी. लक्षात ठेव आणि माफी लिही."

तिने तिथेच उभ्याने माफी लिहिली. 'माझ्या निबंधामुळे सरांना त्रास झाला, त्याबद्दल मला माफ करावे.' निबंध खोटा आहे असे त्यात कुठे नव्हते. हेडमास्तरांच्या ते ध्यानात आले नाही. माझ्या आले.

जूनला सरांची ऑर्डर निघाली नाही. कुणी मोठ्याने काही म्हटले नाही. मराठीला दुसऱ्या बाई आल्या. मेच्या शेवटी सर आपले सामान न्यायला आले होते म्हणे, मी त्या दिवशी मुद्दाम उशिरा गेलो. शिक्षकांच्या खोलीत मेजावर पेनांची जुडी ठेवलेली होती, प्रत्येक पेनाला मुलाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. वर्षभर घरी नेलेली पेने त्यांनी परत केली होती. अक्षताचे पेनही होते. ती तोवर शाळा सोडून गेली होती, म्हणून ते बरेच दिवस मेजावरच पडून राहिले. शेवटी मी ते खणात टाकले, तिच्या निबंधावर. निबंध हेडमास्तरांनी मलाच परत दिला होता, तुमच्याकडेच असू दे म्हणून.

आई पुढच्या वर्षी गेली. हेडमास्तर निवृत्त झाले. आता त्या खुर्चीत मी बसतो.

गेल्या वर्षी वाळपईला आम्हा मुख्याध्यापकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. विषय होता, विद्यार्थ्यांना पुराव्याधारित लेखन कसे शिकवावे. एक तरुण बाई पडद्यावर चित्रे दाखवून सांगत होत्या की विद्यार्थ्याने आपला दावा मांडावा, पुरावा द्यावा, प्रतिपक्षाचाही विचार करावा. आम्ही जेवणानंतरच्या सुस्तीत वहीत उतरवून घेत होतो. बाजूचे मुख्याध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, नवीन खूळ. मला एकदम उठून बाहेर जावेसे वाटले. प्रमाणपत्र मिळेपर्यंत बसून राहिलो.

त्या रविवारी मी पेडण्याला गेलो. सर घराच्या सोप्यावर चटईवर बसले होते, बाजूला तीन मुले लिहीत होती. फार पिकले होते. त्यांनी मला ओळखले, बसा म्हणाले, आत चहा सांगितला. मुले गेल्यावर मी सगळे सांगून टाकले. त्या कागदावरची ओळ खोटी होती, मला माहीत होते, मी घाबरलो होतो, इतकी वर्षे मला फार वाईट वाटते. बोलताना माझा आवाज फुटला. खरे सांगायचे तर तो फुटल्याचे मला थोडे बरेही वाटले.

सरांनी उंडा पाव चहात बुडवला, खाल्ला, सुस्कारा सोडला.

"तुमका वाईट वाटता," ते म्हणाले. "कशावरून?"

मी रुमाल काढून डोळे पुसले.

"वहीत ता झाड अजून आसा?"

मला माहीत नव्हते. सोमवारी शाळेत जाऊन दहावीची जर्नले मागवली. कॉटन ट्री. २०.२, २०.४, २०.२. विज्ञानाला आता तरुण शिक्षक आहे, पण मुले अजून वरच्या वर्गाचे उतरवतात, आणि खाली मुख्याध्यापक म्हणून माझी सही होती. सगळ्या जर्नलांवर. वाईट वाटत असताना केलेल्या सह्या होत्या त्या.

मग मी प्रयोगशाळा उघडली. भिंगावर बुरशीचे डाग होते, ते पुसले. त्या शिक्षकाला घेऊन मुलांना चौघाचौघांत जनेलाशी उभे केले. सावर नव्हती, पंपाच्या खोलीवरची टाकी घेतली. पहिल्या गटाला १९.६ मिळाले. त्यातली एक मुलगी घाबरून म्हणाली, "सर, चुकलां दिसता. वीस पॉइंट दोन येवंक जाय." खरे वाचन चुकीचे वाटावे इतकी सवय मी लावून ठेवली होती. मी म्हणालो, जे मिळालं ते लिही.

त्यानंतर हा मजकूर लिहायला घेतला. सरांची पद्धत धरून. लिहून झाल्यावर त्यांच्याकडे नेला, खाली ओळ लिहून, माझी बाजू यात बरोबर आली आहे. त्यांनी मुलाकडून पेन मागून घेतले आणि वाचले. एका ठिकाणी मी त्यांना थोर म्हटले होते, ते एका रेघेने खोडले. सही मात्र केली नाही.

"माझी सही कशाला?" ते म्हणाले. "तुम्ही नाही म्हटलंत ते मला नाही, तिला."

अक्षताचा फोन नंबर त्यांच्याकडे होता. ती दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांच्याकडे येते, त्यांच्या म्हणण्यातल्या चुका काढायला. तिचे आता मोपाला काम आहे, विमानतळावर, प्रवाशांच्या रांगा लावायचे. तिच्या सुट्टीच्या अर्ध्या तासात आम्ही पठाराच्या रस्त्यावर एका चहाच्या गाड्याशी भेटलो. गणवेश, बांधलेले केस, गळ्यात ओळखपत्र. सर, तुम्ही बारीक झालात, म्हणाली. मी काय बोलणार होतो ते विसरलो आणि आधी तिचे पेन दिले. तिने ते ओळखले नाही. मग तिचा निबंध दिला. त्याच्या तळाशी, इतक्या वर्षांनी, मी सही केली होती. तारखेची जागा मोकळी होती, कारण कुठली घालावी ते मला कळले नव्हते.

तिने सही पाहिली. "आजची घाला," म्हणाली. "त्या दिवसाची नको."

मी तिच्याच पेनाने घालायला गेलो, ते सुकून गेले होते. गाडेवाल्याकडून घेतले.

मग तिने हा मजकूर वाचला. घाई न करता, उन्हाकडे पाठ करून. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे टाळत होतो. शेवटचे पान झाल्यावर ती मागे गेली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"मी रडत नव्हते, सर."

मला ते चित्र स्वच्छ आठवत होते. तसे मी तिला म्हणालोही.

"मी रडले नाही. मी माफीनामा लिहीत होते, कागद ओला नव्हता, बघा तुम्ही, शाळेत असेल. बाबा रडत होते. तुमच्या मागे कपाट होतं, तुम्हाला समोर बाबाच दिसत होते." तिने पाने एकत्र केली. "त्यानंतर ते शाळेत कधी आले नाहीत. माझा निकाल आणायलासुद्धा आले नाहीत. ते लिहा. मग सही करते."

तिची वेळ झाली होती. निबंध घडी करून तिने पर्समध्ये ठेवला, ही पाने मला परत दिली आणि चढावरून निघून गेली.

शाळेत जाऊन मी ती जुनी फाईल काढली. माफीनाम्यावर शाई कुठेही फुटलेली नाही. वरची ती ओळ मी काढून टाकलेली नाही. माझ्या हस्तलिखितात ती एका रेघेने खोडली आहे, इथे ती तशीच वाचायला मिळेल. अक्षता रडत नव्हती. निळ्या कपड्यांतला, हात जोडून उभा असलेला एक माणूस माझ्या समोर रडत होता, आणि इतकी वर्षे मी ते रडणे त्याच्या मुलीच्या तोंडावर ठेवून दिले होते, कारण मुली रडतात, त्यात विशेष काही नसते.

हे आता लिहिले आहे. पुढच्या आठवड्यात तिची सकाळपाळी आहे, तेव्हा पाने घेऊन जायचे आहे. खाली जागा सोडली आहे.

माझी बाजू यात बरोबर आली आहे.

सही: